बळेपेठेतला उसासा

निपाणीहून बंगळूरला गेलेली माणसं परत आली की दोनच गोष्टी सांगतात, तिथली हवा आणि तिथली कॉफी. दोन्ही खऱ्या आहेत. डिसेंबरात सकाळी नऊपर्यंत अंगावरची शाल सुटत नाही, आणि पितळी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात अशी उंचावरून फेसाळवलेली कॉफी प्यायल्यावर आपला चहा काही दिवस घशाखाली उतरत नाही. पण मी हवा खायला गेले नव्हते. मी एक लाकडी पेटी बघायला गेले होते. तिच्याबद्दल घरच्यांनाही मी आजवर निम्मंच सांगितलं आहे.

मी निपाणीच्या एका लहान दवाखान्यात डॉक्टर आहे. त्या वर्षी आमच्याकडे पोलिओची साथ आली. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या सखू नावाच्या तरुण बाईचे आधी पाय गेले, मग हात, आणि मग छातीचे स्नायू. तिची जाणीव शाबूत होती, फक्त श्वास घेता येत नव्हता. आम्ही चौघांनी आळीपाळीने तिची छाती दाबत-सोडत दीड दिवस तिला जगवलं. शेवटची पाळी माझी होती. अशा रोग्याला मानेपर्यंत आत ठेवून त्याच्यासाठी श्वास घेणारं लोखंडी यंत्र मी मुंबईत शिकत असताना एकदाच पाहिलं होतं. परदेशातून आलेलं, खोलीएवढं. आमच्यासारख्यांनी त्याचं नावही काढू नये.

नंतर महिन्याभराने माझ्या एका वर्गमित्राचं पत्र आलं. बंगळूरच्या एका सरकारी इस्पितळात असंच यंत्र आहे, पण लाकडाचं, आणि ते बळेपेठेतल्या एका बाजाच्या पेट्या बनवणाऱ्याने केलं आहे. मी रजा टाकली.

बळेपेठ

पेटीवाल्यांचं नाव व्यंकोबाराव. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी घोडदळाबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. मी इस्पितळाजवळच्या लॉजवर उतरणार होते, पण वर्गमित्राने आधीच कळवलं होतं, त्यामुळे स्टेशनवर ते स्वतः न्यायला आले. उंच, वाकलेले, कानात जुन्या वळणाच्या भिकबाळ्या. "मराठी बाईमाणूस आलं आणि लॉजवर राहिलं तर आमची अंबक्का मला घरात घेणार नाही," म्हणाले. "स्वल्प चालायचं आहे, डॉक्टरअक्का."

त्यांचं मराठी ऐकायला मला पहिले दोन दिवस कान टवकारावे लागले. आमच्याकडे सीमेवर माणूस एक वाक्य मराठीत बोलतो आणि एक कानडीत. इथे एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलतात, आणि मधे जुन्या बखरीतला वाटावा असा एखादा शब्द येतो. 'बरं' म्हणायचं तिथे 'सरी'.

बळेपेठेत रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाद्यांची दुकानं. मृदंगांच्या वाद्या ओढण्याचा आवाज, कुणी नादस्वर फुंकून बघतंय, कुणी वीणेच्या तारा पिळतंय. व्यंकोबारावांच्या दुकानात पुढे पेट्या, भाते, सुरांच्या पितळी पट्ट्या, आणि मागे घर. त्यांची बायको अंबक्का दारात उभ्या होत्या. बारीक अंगाची बाई, कपाळभर कुंकू. त्यांनी माझ्या हातावर पाणी घातलं आणि मला मधल्या खोलीत नेलं.

तिथे मी पिशवी ठेवली आणि माझा आवाज आपोआप खाली आला. पलीकडच्या खोलीत कुणीतरी झोपलं होतं. दार लोटलेलं होतं, पण श्वास स्पष्ट ऐकू येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर. तरुण माणसाचा, शांत झोपेतला. मी दबक्या आवाजात विचारलं, "आत कुणी आजारी आहे का?"

"आजारी नाही," अंबक्का म्हणाल्या. "गौरा आहे."

तेवढ्यात आतल्या माणसाने एक मोठा उसासा सोडला. कूस बदलण्याआधी सोडतात तसा. मी पाय न वाजवता बाहेर आले.

जेवताना नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडीचा गोळा होता आणि सोललेल्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचं सांबार. थंडीत बंगळूरात या अवरेच्या शेंगांचं वेडच असतं. सगळ्या गल्लीला त्यांचा वास येतो. मुद्दा चावायचा नाही, सांबारात बुडवून गिळायचा, हे मला ठाऊक नव्हतं आणि पहिलाच घास माझ्या टाळूला चिकटून बसला. व्यंकोबाराव हसू आवरत होते. मी पाणी पिऊन विचारलं, "गौराताई जेवायला उठणार नाहीत?"

व्यंकोबारावांचं हसू थांबलं. "गौरा आमची मुलगी, अक्का. तिला जाऊन तीन वर्षं झाली."

"आणि आत?"

"आत कुणी नाही. या, दाखवतो."

खोलीत खाट नव्हती. सागवानी लांबट पेटी होती, चार पायांवर उभी, आणि तिच्या टोकाला बाजाच्या पेटीला असतो तसला पण दारभर आकाराचा चामडी भाता. विजेची एक मोटर तो ओढत होती, सोडत होती. पेटीत उशीसुद्धा नव्हती. रिकामी पेटी श्वास घेत होती.

"अंबक्का सकाळी चुलीपाशी बसायच्या आधी चालू करते," व्यंकोबाराव म्हणाले, "आणि दिवेलागणीला बंद."

मी डॉक्टर आहे. प्रेतं चिरली आहेत. पण त्या दुपारी त्या घरात मला डोळा मिटता आला नाही.

इस्पितळात

दुसऱ्या दिवशी आम्ही वॉर्डात गेलो. तिथल्या यंत्रात रुक्मिणी होती. तलावाकाठच्या हेब्बाळ गावातल्या शाळेत शिकवणारी, पंचविशीची. गेले सात आठवडे ती त्या पेटीत होती. बाहेर फक्त डोकं, आणि मानेभोवती सायकलच्या ट्यूबच्या रबराची कॉलर. रबराने मान सोलवटायची म्हणून अंबक्कांनी आतून जुन्या मऊ लुगड्याची पट्टी शिवून दिली होती. डोक्याकडे एक आरसा टांगला होता, त्यातून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बघायची. यंत्र श्वास बाहेर सोडायचं तेवढ्या वेळातच तिला बोलता यायचं, म्हणून ती चार-चार शब्दांचे तुकडे बोलायची.

मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मला सखू आठवली. सखूला ही पेटी मिळाली असती तर, हा एकच विचार होता. हे यंत्र निपाणीला न्यायचंच, असं मी तिथेच ठरवलं.

वॉर्डाचे डॉक्टर शिवण्णा माझ्याच वयाचे, सडपातळ, सतत चष्मा पुसणारे. त्यांनी मला सगळं उघडून दाखवलं. मोटर विमानाच्या कारखान्याच्या भंगारातली. झडपा पेटीच्या भात्याच्या. वीज गेली तर हाताने ओढायला एक लांब दांडा. मी घड्याळ लावून श्वास मोजत बसले. सगळे सारखे. मग एकाएकी भाता पूर्ण ताणला गेला, रुक्मिणीची हनुवटी वर आली, आणि एक खोल, लांब श्वास. चार मिनिटांनी पुन्हा. मग सात मिनिटांनी. मग पाच.

हा उसासा मी आदल्या दिवशी ऐकला होता.

"हा दोष आहे," मी म्हणाले. "पट्टा सरकत असणार."

"दोष नाही," शिवण्णांनी एक झाकण उघडलं. आत पोळपाटाएवढी लाकडी चकती होती, तासाला एक फेरी घेणारी. तिच्या कडेवर खुंट्या ठोकल्या होत्या, पण अंतरं वेडीवाकडी. खुंटी आली की भाता जास्त ताणला जायचा. "व्यंकोबाअण्णांनी पहिल्यापासून अशीच ठेवली आहे. मी काढा म्हटलं नाही. तुम्हाला काय वाटतं?"

मुंबईत मी पाहिलेलं यंत्र घड्याळासारखं चालायचं. पुस्तकात तेच लिहिलं होतं, श्वास सारखा हवा, दाब सारखा हवा. एवढा दाब मधूनच आला तर फुप्फुसाला इजा होईल, असं मी सांगितलं. ठामपणे सांगितलं. शिवण्णांनी चष्मा पुसला आणि व्यंकोबारावांकडे पाहिलं.

"सरी, अक्का," व्यंकोबाराव म्हणाले. "तुम्ही शिकलेले लोक." त्यांनी पक्कडीने एक-एक खुंटी काढली आणि धोतराच्या सोग्यात बांधली.

अंबक्का रोज दुपारी वॉर्डात यायच्या, असं मला नर्सने सांगितलं. रोग्याशी बोलत नसत. डोक्याच्या बाजूला कधी जातसुद्धा नसत. भात्याच्या बाजूला स्टूल टाकून बसायच्या आणि तासाभराने निघून जायच्या. त्या दिवशीही आल्या. स्टूलावर बसल्या. दहा मिनिटांनी उठून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आत कुणी नाही."

आतली रुक्मिणी आरशातून आम्हा दोघींकडे टक लावून बघत होती.

खुंट्या काढल्यावर

परतताना मी व्यंकोबारावांना विचारलं की हे सगळं त्यांना सुचलं कसं. आम्ही लालबागेत एका बाकावर बसलो होतो. वर जुन्या झाडावर शेकडो वटवाघळं उलटी लटकत होती, भर उन्हात.

"मला यंत्र करायचंच नव्हतं," ते म्हणाले. "गौराची छाती लहानपणापासून नाजूक. अंबक्का तिच्या अंथरुणाशी बसून श्वास ऐकायची, वर्षानुवर्षं. मग ताप आला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. त्यानंतर अंबक्का झोपेना. म्हणे, घरात आवाज नाही. मी भाते करणारा माणूस, अक्का. मला दुसरं काय येतं? मी एक भाता लावला. ती म्हणाली, असा नाही, जरा हळू. मी हळू केला. म्हणाली, गौरा मधे उसासा टाकायची. कधी, विचारलं. तर तिने डोळे मिटले आणि तासभर स्वतः तसा श्वास घेऊन दाखवला. मी खडूने चकतीवर खुणा केल्या."

"आणि पेटी?"

"पेटी शिवण्णांनी सुचवली, पहिली करून बघितली ती घरातच राहिली. तेच गौराला बघत होते. वर्षश्राद्धाला घरी आले, आतला आवाज ऐकला आणि ताटावरून उठले. म्हणाले, अण्णा, याच्यात माणूस ठेवता येईल."

मुंबईत आम्हाला शिकवलं होतं की आधी गरज ओळखायची, मग उपाय शोधायचा. इथे उपाय घरात बसून श्वास घेत होता, आणि गरज वर्षभराने जेवायला आली होती.

पुढच्या दोन दिवसांत रुक्मिणी उतरत गेली. आधी ती आरशात बघेनाशी झाली. मग बोलेनाशी. तिसऱ्या दिवशी सकाळी ओठांना जांभळट छटा होती, आणि पेटीच्या कडेच्या खिडकीतून हात घालून पाठीला नळी लावली तर फुप्फुसाच्या खालच्या भागात हवा शिरल्याचा आवाजच नव्हता. शिवण्णांना वाटलं न्यूमोनिया. मलाही तेच वाटायला हवं होतं. मी खुंट्यांबद्दल बोलले नाही. खोटं कशाला सांगू, विचार मनात आला होता आणि मी तो बाजूला सारला होता.

दुपारी बाराच्या सुमाराला वीज गेली. बाहेर कुठेतरी तार तुटली होती. भाता अर्ध्यावर थांबला. नर्स धावली, तिने दांडा धरला. ती दमल्यावर मी धरला. ओढ, सोड. ओढ, सोड. अगदी सारखं, पुस्तकातल्यासारखं. माझे हात सखूच्या छातीवर होते तसेच चालत होते आणि समोर तोच रंग चढत होता. रुक्मिणीचे डोळे अर्धवट मिटले.

अंबक्का केव्हा आल्या ते मला कळलं नाही. त्यांनी माझे हात दांड्यावरून काढले. नुसते बाजूला केले, एखाद्या मुलीच्या हातातलं लाटणं घ्यावं तसे. आणि स्वतः ओढायला लागल्या.

त्यांचे डोळे मिटलेले होते. स्वतःची छातीही भात्याबरोबर वर-खाली होत होती. काही वेळाने त्यांनी दांडा पूर्ण मागे खेचला, अंगाचा सगळा भार घालून, आणि त्यांच्या तोंडातून आणि रुक्मिणीच्या तोंडातून एकाच वेळी तो लांब उसासा बाहेर आला. मी सवयीने घड्याळ बघितलं आणि वहीत वेळ टिपली. सहा मिनिटांनी दुसरा. मग चार. मग सात. तिसऱ्या उसाशाला रुक्मिणीच्या छातीत ओलं फडकं फाटावं तसा आवाज झाला आणि ती खोकली. नर्सने घशातला चिकटा ओढून काढला. पाचव्याला ओठांचा रंग बदलायला लागला होता. शिवण्णा नळी लावून ऐकत होते. मान वर करून त्यांनी मला खाली हवा शिरतेय अशी खूण केली.

रुक्मिणीने डोळे उघडले. "अम्मा," ती म्हणाली, "निल्लिसबेडि." थांबवू नका.

अंबक्कांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी कुणाला दांडा दिला नाही. वीज यायला चाळीस मिनिटं लागली.

त्याच दुपारी व्यंकोबारावांनी सोग्यातल्या खुंट्या पुन्हा ठोकल्या. मी माझी वही चकतीशेजारी धरली. मी टिपलेल्या वेळा आणि खुंट्यांमधली अंतरं, एकही चुकली नव्हती. त्या बाईला ना घड्याळ वाचता येत होतं, ना तिने ती चकती कधी हातात धरली होती.

आता मला माहीत आहे की निरोगी माणूसही तासात कितीतरी वेळा असा उसासा टाकतो आणि त्याला पत्ता नसतो. त्याने फुप्फुसाचे मिटलेले कोपरे उघडतात. सारखेच श्वास देत राहिलं तर ते मिटतच जातात. पुढे मोठमोठ्या यंत्रांतही ही सोय आली. मी त्या दिवशी व्यंकोबारावांना विचारलं होतं, "तुम्हाला हे कळलं होतं का?"

"नाही, अक्का. आम्हाला गौराचं काही विसरायचं नव्हतं, एवढंच."

मी त्या दोघांची माफी मागितली. व्यंकोबाराव "असू दे, असू दे" म्हणाले. रुक्मिणीची मागायला मी वॉर्डात गेले तर ती शाळेची गोष्ट सांगायला लागली, चार-चार शब्दांत, आणि माझ्याने ते बोलवलं नाही. ते अजून राहिलंच आहे.

शेवटचा दिवस

निघायच्या आदल्या दुपारी मी निपाणीसाठी यंत्र मागितलं. व्यंकोबारावांनी अंबक्कांकडे बघितलं. त्या अवरेच्या शेंगा सोलत होत्या.

"करा की," अंबक्का म्हणाल्या. "पण गौराला तेवढ्या लांब पाठवायची नाही. तिथे तिचं कोण आहे?"

"मग चकती कशी करायची?" व्यंकोबारावांनी विचारलं.

अंबक्कांनी माझ्याकडे बघितलं. "हिची करा."

मला पाटावर बसवलं. अंबक्का माझ्या पाठीमागे बसल्या, इतक्या जवळ की त्यांच्या अंगाला येणारा कापराचा वास मला येत होता. व्यंकोबाराव समोर चकती, खडू आणि घड्याळ घेऊन. पण कुणीतरी आपला श्वास ऐकतंय म्हटल्यावर मला श्वास घेताच येईना. ओढून घ्यावा लागे, सोडावा लागे. अंबक्का हसल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. "असं नाही, बाई. काम कर," म्हणून त्यांनी भिजवलेल्या अवरेचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. एकेक दाणा चिमटीत धरायचा आणि सालातून पिचकवायचा. मी निपाणीबद्दल बोलत राहिले, वखारींबद्दल, सखूबद्दल. हळूहळू त्या दोघांना विसरले. मधे मधे पाठीमागून अंबक्कांचं बोट माझ्या खांद्यावर टेकायचं आणि समोर खडू चालायचा. माझं मला काही कळत नव्हतं.

तास झाला. व्यंकोबारावांनी चकती फिरवून बघितली.

"तुझे उसासे जोडीने येतात," अंबक्का म्हणाल्या. "एक झाला की त्याच्या पाठोपाठ लगेच दुसरा. गौराचे सुटे होते." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "कधीपासून गं?"

मी पातेल्यातला पुढचा दाणा चिमटीत धरला.

निपाणी

रुक्मिणी उन्हाळ्यात पेटीबाहेर आली. काठी घेऊन चालते आणि पुन्हा शाळेत शिकवते, असं शिवण्णांनी कळवलं. त्याच सुमाराला आमची पेटी मालगाडीने बेळगावला आणि तिथून ट्रकने निपाणीला आली. सागवानाला नव्या रोगणाचा वास होता, आणि गळ्याच्या कॉलरला आतून मऊ, फिकट हिरव्या लुगड्याची पट्टी शिवलेली होती.

तिच्यात पहिला गेला रामू गाडीवान. बैलगाडीतून तंबाखू वाहणारा, आडदांड, झुपकेदार मिशांचा माणूस. आम्ही त्याला आत सरकवलं, कॉलर आवळली, मोटर चालू केली. भाता हलला. रामूच्या चेहऱ्यावरची भीती जरा ओसरली. त्याची बायको भिंतीला टेकून रडायला लागली. मी औषधं बघायला बाहेर गेले आणि परत येताना दारातच थांबले.

आत, बाहेर. आत, बाहेर. मग एक लांब उसासा, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच दुसरा.

रामूची बायको म्हणाली, "बाई, ह्यो असा श्वास कधी घेत नव्हता."

मी उंबऱ्यावर उभी होते. मी माझा श्वास रोखून पाहिला. आत तो चालूच होता.